फादरांच्या मिसाला गेलेली मंडळी

समस्त मित्रमंडळींना अत्यंत गंभीरपणे कळवतो, की मी एकदा चक्क एका फादरवर जळलो होतो. परवा ड्रॉवरमध्ये बॅटरीची पणती सापडली आणि सिडनीहून निघालेली ती क्रूझ आठवली. बोटीवर ज्योत पेटवायला बंदी, म्हणून चतुर्थीला हीच पणती घेऊन, खारट वाऱ्यात डेकवर सहप्रवासी मंडळींना उभं करून मी खड्या आवाजात सात आरत्या म्हटल्या. सातवीला मी एकटाच उरलो. खाली जाऊन पाहतो तर मंडळी थिएटरात बोटीवरच्या फादरांच्या मिसाला, म्हणजे ख्रिस्ती प्रार्थनेला, बसली होती आणि पहिल्या रांगेत माझी बायको, डोळे मिटून, प्रसन्न! मी तिच्या कानाशी फणफणलो, "त्यांच्यात असं काय आहे, जे माझ्यात नाही?" आजही माझे कान तापतात, कारण भर प्रार्थनेच्या शांततेत ती मोठ्याने म्हणाली, "अरे, इथे बसायला मिळतं!"