चोरलेला श्वास

मेलबर्नमधल्या ग्लेन वेव्हर्लीला मुलाकडे आले की मी फार सरळ वागते, असा माझा समज आहे. नातीचं मत वेगळं आहे.

त्या वर्षी तिला एका अल्बमचं वेड लागलं होतं. सत्तरी ओलांडलेली एक सोल गायिका आणि साथीला फक्त पियानो. ड्रम नाहीत, कोरस नाही, बिचारीला लपायला जागाच नाही. सोल हा गाण्याचा कुठला प्रकार ते मला ठाऊक नव्हतं. पण बाई माझ्याच वयाची आहे आणि तिचा दम माझ्यासारखाच आखूड झालाय, हे दुसऱ्या गाण्यातच कळलं. मुलगा म्हणाला, आई, तुला बोअर होईल. चाळीस वर्षं भजनी मंडळात गायले, आणि हा मला गाणं शिकवतोय.

मी नातीला जवळ बसवून दाखवलं. बाईचा श्वास जिथे संपतो, तिथे पियानोवाला हळूच दोन सूर सोडतो. ऐकणाऱ्याला वाटतं, चालच तशी आहे. आमचा पेटीवाला हेच करायचा आणि त्याबद्दल दर एकादशीला माझ्याकडून साबुदाण्याची खिचडी वसूल करायचा.

गणपतीत इथल्या मराठी मंडळात मी अभंग म्हणणार होते. पेटी वाजवणारं कुणी नव्हतं, म्हणून पियानो शिकणाऱ्या नातीला साथीला बसवलं. खरं सांगायचं तर पुण्यात दोन वर्षं मी चारचौघांत गायले नव्हते. शेवटच्या वेळी ओळीच्या मध्येच दम तुटला, आणि पहिल्या रांगेतल्या बायकांनी माझ्याकडे किवेने पाहिलं. पुन्हा तसं झालं तर गाणं कायमचं बंद, असं मी ठरवलं होतं.

सरावात पहिल्याच दिवशी दम तुटला. नातीने हात थांबवून वर पाहिलं. मी डोळे वटारले.

"मुद्दाम थांबले. परीक्षा घेतेय तुझी. लक्ष कुठे आहे?"

तिने सॉरी म्हटलं. मग मला चटकच लागली. कधी पहिल्या ओळीत परीक्षा, कधी तिसऱ्या. पंधरा दिवसांत शाळेने घेतल्या नसतील इतक्या परीक्षा मी घेतल्या. ती एकदाही कुरकुरली नाही, तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

कार्यक्रमात शेवटच्या ओळीला दम संपला. पार संपला. डोळ्यांपुढे पुण्याची ती पहिली रांग आली. तेवढ्यात पियानोचे दोन सूर आले, जराही घाई न करता. मी श्वास घेतला आणि ओळ पुरी केली. नंतर एक बाई मुद्दाम येऊन म्हणाली, काकू, शेवटी काय सुंदर थांबलात. मी कौतुक निमूटपणे पदरात पाडून घेतलं.

गाडीत बसल्यावर नातीला सांगितलं, की तू परीक्षेत पास झालीस.

सीटबेल्ट लावत ती म्हणाली, "आजी, कमॉन. फर्स्ट डेपासून माहितीये मला, तू टेस्ट घेत नव्हतीस. नेक्स्ट इयर पण मीच वाजवणार, ओके?"

मी ओके म्हटलं आणि तिला दिसू नये म्हणून खिडकीकडे तोंड करून रडले. तेही तिने पाहिलंच असणार.