कानसेनाचा निर्वाळा

रविवारी सकाळी डॉक्टरांनी गाडीचं बॉनेट उघडलं आणि भोवतीची माणसं आपोआप गप्प झाली. जुन्या गाड्यांच्या त्या मंडळात रीतच तशी होती. कुणाच्या गाडीत खुट्ट झालं, की आधी कानसेनाला बोलवायचं. तीस वर्षं कापडगिरणीत फिटर म्हणून काढलेला माणूस. हातभर लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक तो इंजिनावर टेकवायचा, मूठ कानाला लावायचा, डोळे मिटायचा. मग तो म्हणेल ती पूर्व दिशा.

"रेस दिली की टकटक येते," डॉक्टर म्हणाले. ते दातांचे डॉक्टर, गाडी घेऊन वर्षही झालं नव्हतं. मागच्या सीटवर त्यांची आई मांडीवर थर्मास घेऊन बसली होती, शेजारी दोन नाती. "आज डोंगर चढायचाय. म्हटलं, कानसेनबुवांच्या कानावर घालावं."

कानसेनाने डोळे मिटले. मुठीतून थरथर आली. आवाज आला नाही.

वर्षभर असंच चाललं होतं. आधी घड्याळ गेलं, मग कुकरची शिट्टी, मग बायकोच्या वाक्यांची टोकं. गाड्यांचं मात्र तो भागवत होता: तेलाचा वास घेऊन, बोटांनी चाचपून, आणि बरंचसं मालकाचा चेहरा वाचून. ज्याला आवाज खरोखर छळतो त्याचा चेहरा वेगळा दिसतो. डॉक्टर तर हसत होते.

"टॅपेट आहेत. बोलू द्या त्यांना," तो म्हणाला. "चला बिनधास्त."

मंडळी निघाली. कानसेन नेहमीसारखा सगळ्यांच्या मागे राहिला, म्हणजे वाटेत बंद पडेल त्याला हात देता येतो. त्याच्या लगेच पुढे डॉक्टर होते. चढ सुरू झाला. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला गुडघाभर उंचीचे दगड, आणि दगडांपलीकडे नुसती हवा.

"मघाशी काय ऐकलंत?" शेजारी बसलेल्या बायकोने विचारलं. अलीकडे ती त्याच्याकडे तोंड वळवून बोलायची. का, हा विषय दोघांनीही कधी काढला नव्हता.

"टॅपेट."

"टॅपेट म्हणजे शिवणयंत्रासारखी टिकटिक ना? मला तर आत कुणी हातोडी मारतंय असं वाटलं. हसू नका. ह्या गाड्या म्हणजे माझ्या सवती, त्यांची दुखणी पाठ आहेत मला."

तो हसत नव्हता. टिकटिक इंजिनाच्या माथ्यावर असते. हातोडी पोटात वाजते. तिथलं बेअरिंग झिजलं, की पिस्टनचा रॉड मोकळा आपटायला लागतो. सपाटीवर महिनोन् महिने निभतं. चढावर भार येतो, आणि एखाद्या क्षणी रॉड इंजिनाचं पोट फोडून बाहेर येतो. मग बंद पडलेली जड गाडी, जुने ब्रेक आणि मागे उतार.

पुढच्या गाडीच्या काचेत आजीचा पांढरा अंबाडा हलत होता. मुली मागे वळून कानसेनाला वाकुल्या दाखवत होत्या. त्याचा हात हॉर्नवर गेला आणि परत आला. हॉर्न वाजवला म्हणजे सांगणं आलं. कान काढून घेतले तर उरतं कोण? घरी बसलेला एक फिटर. एक वळण गेलं. बायकोला लांबून काय कळतंय, असं त्याने स्वतःला बजावलं. दुसरं वळण गेलं.

"अजून येतोय का गं आवाज?"

तिने खिडकीबाहेर डोकं काढून कानोसा घेतला आणि आत वळून म्हणाली, "कड्यावर आपटून येतोय. वाढलाय." मग तिने त्याच्याकडे पाहिलं. "तुम्हाला येत नाहीये."

"नाही."

"मग दाबा ना हॉर्न! दगडासारखे काय बसलात!"

त्याने हॉर्न दाबून धरला. डॉक्टरांना ती मौज वाटली. त्यांनीही उलट हॉर्न दिला, हात हलवला, वर वेग वाढवला. कानसेनाने गाडी दुसऱ्या गीअरमध्ये टाकली, दरीच्या अंगाने पुढे काढली आणि रस्त्यात आडवी घातली.

"अहो, मारताय का?" डॉक्टर उतरत ओरडले.

"ब्रेक ओढून ठेवा. इंजिन चालू राहू द्या." त्याने बॉनेट उघडलं, स्क्रू ड्रायव्हर बायकोच्या हातात दिला. "मूठ कानाला. टोक इथं, खाली. मी एकेक सिलिंडर बंद करतो, आवाज थांबला की सांग."

ती वाकली. त्याने फडक्यात धरून पहिल्या प्लगची वायर उपसली आणि तिच्या ओठांकडे पाहिलं.

"चालूच आहे."

दुसरी.

"चालूच."

तिसरी. तिच्या भुवया वर गेल्या. "थांबला."

त्याने वायर परत लावली. "आला," ती म्हणाली. पुन्हा काढली. "थांबला."

"बंद करा गाडी," तो डॉक्टरांना म्हणाला. "तिसरा रॉड सुटलाय. माथ्यापर्यंत पोचली नसती."

"मग सकाळी काय ऐकलंत तुम्ही?"

"काही नाही. मला ऐकू येत नाही. वर्ष झालं."

मागच्या खिडकीतून आजीने मान बाहेर काढली. "अहो, मग सांगायचं की! माझ्या तोंडात एक दात नाही. मी काय ह्या लेकापासून लपवते?"

कुणी हसलं नाही. डॉक्टरांनी मुलींना एकेक करून उतरवलं, आईला हात दिला, चाकांमागे धोंडे लावले. ते उभे राहिले तेव्हा त्यांचा चेहरा पडला होता.

"माझ्या साडूची गाडी," ते म्हणाले. "गेल्या महिन्यात. मागचं चाक घरघरतं म्हणून दाखवायला आणली होती."

कानसेनाला आठवलं. टायरचा आवाज आहे, असं त्याने सांगितलं होतं. साडूही हसतच होते. पण चाकाचं बेअरिंगही तसंच घरघरतं, आणि ते गेलं की चाक निखळतं.

"आज ते बायकामुलांना घेऊन समुद्रावर निघालेत. हमरस्त्याने."

डॉक्टरांनी नंबर लावला आणि फोन त्याच्यापुढे धरला. "तुम्हीच सांगा."

कानसेनाने फोन घेतला, कानापर्यंत नेला, आणि बायकोच्या हातात दिला. "असतील तिथे थांबायला सांग. चाकाला हात लावून बघा म्हणावं, तापलंय का."

तिने फोन कानाला लावला. तो तिच्या ओठांकडे बघत राहिला.

"वाजतोय," ती म्हणाली.

खालून एक मालवाहू ट्रक चढत येत होता. त्याचा हादरा त्याला तळपायांत कळला.

"अजून वाजतोय."