आधी ओलीची भिंत

वणीत निरगुडा नदीच्या काठाला आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट होता. तिसरा मजला, लिफ्ट नाही. कापसाचे वाईट दिवस आले, मी कामाला होतो ती जिनिंग मिल बंद पडली, तरी मी तो विकायला काढला नसता. पण बायकोचे गुडघे गेले. दिवाळीपासून ती खाली उतरलीच नव्हती. मुकुटबनला तिच्या भावाच्या शेजारी अंगणासकट दोन खोल्या मिळत होत्या. हा विकायचा आणि त्या घ्यायच्या, ठरलं.

जन्मभर मी जिनिंगच्या फाटकावर कापसाच्या गाड्या तपासल्या. वर पांढराशुभ्र माल आणि तळात भिजलेला, असं भरून आणणारे कमी नव्हते. म्हणून मी वर पाहतच नसे. खांद्यापर्यंत हात आत घालायचा, तळातला कापूस ओढून काढायचा, मग बोलायचं. घर विकतानाही मला दुसरं काही येत नव्हतं. गिऱ्हाईक आलं की हॉल राहिला बाजूला, आधी मागच्या खोलीत न्यायचं आणि कपाट सरकवून ओल आलेली भिंत दाखवायची. मग उन्हाळ्यात नदी आटली की वास कसा येतो, ते सांगायचं.

काही जण दलालाला हळूच विचारत, इथं कोण कोण राहतं? त्याचं उत्तर मीच मोठ्यानं देई. खाली मुसलमान शिंपी, समोर बौद्ध मास्तर, वर तेलंगणातला गवंडी, बाजूच्या जिन्यात खाणीत जाणारे बंजारे. भांडणं होतात ती पाण्याच्या मोटरवरून. ज्याला हे खपत नाही त्यानं जिना चढूच नये.

गिऱ्हाइकं पटापट उतरून जात. दलाल कावला. "बाबाजी, घर विकून राह्यले का घराची चुगली करून राह्यले? भिंतीले रंगाचा एक हात मारा ना!"

"नाही मारत. ज्याले घ्याचं त्यानं तळ पाहून घ्यावं."

आतून बायकोनं ऐकलं. तो गेल्यावर म्हणाली, "तुमचा खरेपना रोज जिना उतरते अन् चढते. मीच वर बसली हावो. कपाट जागेवर राह्यलं तं काय बिघडते?"

तिचं चूक नव्हतं. तरी पुढच्या गिऱ्हाइकालाही मी कपाट सरकवलंच. त्या दिवशी तिनं चहाचा कप असा आदळला की बशी तडकली.

मग एका सकाळी खालचा शिंपीच वर आला, गळ्यात टेप तशीच. धाकट्या भावाचं लग्न ठरलं होतं, त्याला घर पाहिजे होतं. मी उठून कपाटाला हात घातला.

"रहने दो चाचा. बारिश में ये दीवार बाहर से बी गिल्ली दिखती, मेरी दुकान से. भाव बोलो."

"आधी पाह्य तं खरं."

"देखा ना!"

"हात लाव."

त्यानं तळवा भिंतीवर दाबला. "लो, लगाया. अब चाची को चाय बोलो."

"चहा ठेवला!" ती आतून ओरडली. "आता आनखीन काई दाखवू नोका त्याले!"

निघायच्या दिवशी तिला खुर्चीत बसवून उतरवलं. शिंपी, मास्तर, गवंडी आणि चौथा पाय मी धरला. मधल्या वळणावर मला धाप लागली. मास्तर म्हणाले, "काका, तुम्ही सोडा." मी सोडलं नाही.

"पाडता काय मले!" ती ओरडत होती, आणि हसतही होती.

खाली टेकल्यावर तिनं पदर सारखा केला आणि कोपऱ्यावरच्या भाजीवालीला हाक मारली. सुनेचं बाळंतपण झालं का, म्हैस कुठं विकली, सुरूच झाली. अजून दोघी-तिघी जमल्या. टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. मी जाऊन त्याच्या खिडकीत उभा राहिलो.

"गाडी बंद कर," म्हटलं. "लय दिवसाचं तुंबलं हाय तिचं. बोलू दे."