आवडाबाईचा कमरेइतका खड्डा

आवडाबाईले मी पयले करनीवाली समजली होती. आठवलं का अजून हसू येते मले. दुसऱ्या मोठ्या लढाईचे दिवस होते. मालेगावात आमच्या विहिरीपासून ही बाई रोज सकाळी पावलं मोजत जाये, आपल्या अंगनाच्या कोपऱ्यात थांबे अन् तिथं गोटा ठेवे. मी घाबरून दाराले लिंबू टांगलं. चार दिवसानं तिनंच इचारलं, "काय वं, लोनचं टाकाचं सोडून लिंबू दाराले कायले?" बाई मोजत होती, संडासाचा खड्डा आमच्या पान्यापासून किती लांब पडते ते. घ्या!

तवा घरी संडास म्हनजे वकिलाचा थाट. आमी साऱ्या बाया नाल्याकडंच जात होतो. पन तिच्या पोरीचे, हेमलाचे, बाळंतपनात पाय गेले. लेकरूही गेलं. सासरच्यायनं बैलगाडीत घालून मायच्या दारात आनून सोडली. वांग्या-मेथीचा मळा करनारी आवडाबाई तिले पाठीवर घेऊन रोज नाल्यावर ने. पोरगी पाठीवर हाय असं वाटतच नाही, म्हने. वाटन कसं? मायची पाठ वाचावी म्हनून पोरीनं खानंच सोडलं होतं. दिवसाले अर्धी भाकर, दोन घोट पानी. माय रागवे, रडे. हेमला म्हने, भूक नाही.

टोपलीचा संडास आवडाबाईले नको होता. आपली घान दुसऱ्याच्या डोक्यावर कायले द्याची? खोल खड्डाच पाह्यजे. नथ्थू गवंड्यानं साऱ्या कामाचं गुत्तं सांगतलं बत्तीस रुपये. सोळा खंदायचे अन् सोळा लाजेचे, म्हने. हे काम केल्यावर मले देवळाचं काम कोन देईन? वांगे विकताना पैशा-पैशासाठी भांडनारी बाई, इथं तोंडातून शब्द नाही काढला. हातातले चांदीचे गोठ मोडले, दुभती शेळी विकली, सारे पैसे आधीच देले. मी तिले चिडवलं, आता तू वकिलीनबाई होनार, आमाले ओळख तं देशीन ना? हसली. तिले हसताना मी पाह्यलं ते तेवढंच.

तिसऱ्या दिवशी, कमरेइतका खड्डा झाला अन् काळा पाषान लागला. नथ्थूची लोखंडी सब्बल नुसती वाजे. सुरुंगवाला म्हने लढाईपायी बारूद सहज मिळत नाही, वीस रुपये वेगळे पडतीन. मळ्यात मेथी उरली होती, तिचे दोन रुपये आले असते का नाही कोन जाने. दुसऱ्या कोपऱ्यात खंदावं तं आमची विहीर जवळ. मी म्हनलं, खंद बाई, आमी पाहून घेऊ. ती म्हने, तुये लेकरं तेच पानी पेतात.

खाटेवरून हेमलानं इचारलं, "माय, झाला का खड्डा?"

"होऊन राह्यला."

पोरीनं हातातला भाकरीचा तुकडा परत ताटलीत ठेवला.

नथ्थूनं सामान आवरलं अन् नारळ मांगतला. काम संपल्यावर गवंड्याले नारळ द्याची रीत होती. आवडाबाईनं तो पयलेच आनून ठेवला होता. ती खड्ड्यात उतरली, त्याच पाषानावर नारळ फोडला अन् एक वाटी त्याच्या पुढं केली.

"काकू, नारळ कोनी अर्धा देते काय?"

"खड्डा कोनी अर्धा खंदते काय?"

"खाली गोटा निघाला त्याले मी काय करू? अन् नारळ गवंड्याचा मान राह्यते."

"खंदायचे सोळा तुनं पुरे घेतले, नथ्थू. लाजेचे सोळाही पुरे घेतले. खड्डा देला अर्धा. तं मानही अर्धा घे. नाही तं उतर खाली अन् बाकीचा खंद."

नथ्थूनं खड्ड्याकडं पाह्यलं, सब्बलीकडं पाह्यलं. मंग वाटी फडक्यात बांधली अन् चालता झाला.