पाचव्या ताटलीवर लावलेली पैज

ज्या अतिथीगृहात खोल्यांना आकड्यांऐवजी मसाल्यांची नावं असतात, तिथे गरम पाण्याचा नळ कुठला हे विचारायची लाज वाटते. आमच्या खोलीचं नाव होतं राधुनी, हा एक बंगाली मसाला. किल्लीला बिल्ल्याऐवजी मलमलीची चिमुकली पुरचुंडी बांधलेली होती आणि तिच्यात तोच मसाला भरलेला. मी ती नाकाशी धरली.

"ओवा," मी म्हणालो.

"ओवा नाही, बाबा," आमची मुलगी म्हणाली. "दिसतो तसा. नीट वास घे."

मी नीट घेतला. ओवाच होता.

मुलगी तिथे पाहुणी नव्हती, ती तिथल्या स्वयंपाकघरात काम करत होती. कलकत्त्याच्या न्यू टाउनमधली बरी नोकरी सोडून गेले काही महिने ती ह्या प्रसिद्ध शेफच्या हाताखाली शिकत होती. आता त्यांनी तिला कायमचं ठेवून घ्यायची तयारी दाखवली होती, आणि नेमका त्याच सुमारास मी बँकेतून निवृत्त होणार होतो. पुण्यातला फ्लॅट तयार होता. त्यातल्या तिच्या खोलीच्या भिंतींना फिकट पिवळा रंगही देऊन झाला होता. ती पुण्याला आमच्याबरोबर येणार, हे आम्ही इतकं धरून चाललो होतो की तिला विचारायचंच राहिलं होतं. तिने उत्तर म्हणून आम्हाला एका रात्रीसाठी इथे बोलावलं. "एकदा येऊन जेवा," ती म्हणाली, "मग बोलू."

म्हणून हिवाळ्यातल्या एका शनिवारी आम्ही नवरा-बायको डमडमहून गाडी काढून हुगळी ओलांडली, हावड्याचे छोटे कारखाने मागे टाकले आणि भाताची कापलेली शेतं सुरू झाल्यावर एका जुन्या बागानबाडीशी पोचलो. जमीनदार जिथे पूर्वी आराम करायला येत, तिथे आता लोक जमीनदारासारखं वाटावं म्हणून येतात.

शेफ स्वतः स्वागताला आले. टीव्हीवर दिसतात त्यापेक्षा दाढी अधिक पांढरी, अंगात चुरगळलेला तागाचा कुडता, पाय अनवाणी. मातीशी नातं राहावं म्हणून आपण वहाणा घालत नाही, असं त्यांनी आम्हाला सांगितलं. आम्ही उभे होतो तो व्हरांडा संगमरवरी होता.

"तर हे आपले बर्गी!" आम्ही मराठी आहोत हे ठाऊक असल्यामुळे ते दोन्ही हात पसरून म्हणाले. बर्गी, म्हणजे मराठे घोडेस्वार, बंगालवर चालून आले त्याला अडीचशेहून अधिक वर्षं झाली. त्यांना अडवायला बागबाजारापासून शहराभोवती खंदक खणायला घेतला होता. खंदक केव्हाच बुजला, विनोद बुजला नाही. कलकत्त्यात इतकी वर्षं काढल्यावर मी त्याला ठरलेलं हसू हसतो. बायको तेवढंही करत नाही.

दुपारचा चहा तळ्याच्या घाटावर आला. मुलगी एप्रनला हात पुसत आमच्या शेजारी पायरीवर बसली. चार वाक्यं मराठीत बोलली की पाचव्यात तिला बंगाली शब्द लागतो. ती इथेच वाढली आहे. आम्ही आलो तेव्हा तिचे पुढचे दोन दात पडलेले होते, आणि नवे आले ते बंगाली बोलतच आले.

"रात्री सात पदार्थ आहेत," ती म्हणाली. "त्यातला एक माझा. शेफदादांनी त्याला हातही लावलेला नाही."

"कुठला?"

"ते नाही सांगणार."

"नको सांगूस. तुझ्या हातचं मी डोळे मिटून ओळखीन."

"नाही ओळखणार तू."

"लाव पैज."

तिने तळ्याकडे बघत थोडा विचार केला. मग म्हणाली, "ओळखलंस तर मी पुण्याला येते. तू म्हणतोस तो कोर्स करते, तू म्हणतोस तिथे."

"अहो," बायको मला म्हणाली, "पोरीचं आयुष्य म्हणजे काय क्रिकेटची मॅच आहे?"

"तीच लावतेय पैज. आणि नाही ओळखलं तर?"

"तर मी इथे राहते," मुलगी म्हणाली, "आणि तू चेहरा करायचा नाहीस."

"कसला चेहरा?"

"हा!" दोघी एकदम म्हणाल्या.

माणसाच्या भवितव्याचा निर्णय जेवणाच्या टेबलावर सोडू नये, हे मला कळतं. पण आमच्यात ह्या विषयावर बोलणं झालं की ते भांडणापाशी जाऊन थांबत होतं, आणि पैजेत निदान कुणी कुणाला पटवून द्यायचं नसतं. शिवाय मी जिंकणार होतो.

रात्री एका लांब टेबलाभोवती आम्ही आठदहा जण बसलो. प्रत्येकापुढे हाताने बनवलेल्या कागदाची पट्टी होती. तिच्यावर पदार्थांची नावं नव्हती, एकेक शब्द होता. आरंभ. पाणी. शांतता. अशा पट्टीवरून माणसाला आपण ध्यानशिबिरात आलो आहोत असं वाटेल, भूक मात्र लागणार नाही. प्रत्येक ताटलीबरोबर शेफ येत आणि बोलत. कोळंबी ज्या खाडीतून आली त्या खाडीबद्दल बोलले, केळीच्या पानाबद्दल बोलले, आपल्या आजीबद्दल तर दोनदा बोलले. कोळंबी एकच होती. वाडग्याच्या मधोमध चिंतन करत बसली होती. बायको मासे खात नाही, तर तिच्या वाडग्यात कोळंबीच्या जागी एक मशरूम चिंतन करत होतं.

पहिल्या ताटलीच्या वेळी मात्र ते कमी बोलले. "आमच्याकडे जेवण कडूपासून सुरू होतं," एवढंच म्हणून बाजूला झाले. मला बरं वाटलं. ताटलीत शुक्तो होतं: कारलं, कच्चं केळं, शेवग्याची शेंग, डाळीची एक तळलेली वडी, आणि दुधाचा पांढरट रस. हे आपल्या मुलीचं नाही, हे ठरवायला मला घास गिळायचीही गरज पडली नाही. आमच्या घरी कारल्याची भाजी झाली की ती संप पुकारायची. ताट ढकलून दार आपटून निघून जायची. मी दोन घासांत ते संपवलं आणि पुढच्याची वाट पाहू लागलो.

पुढचे तीन मी लक्ष देऊन खाल्ले. पानात गुंडाळून भाजलेल्या भेटकी माशाशी थोडा थांबलो, पण मोहरी इतकी झणझणीत होती की ती आत्मविश्वास असलेल्या माणसाचीच असणार. चौथा म्हणजे गंधराज लिंबाचा एक चमचा बर्फ. त्याला पदार्थ म्हणणं म्हणजे दारावरच्या घंटीला पाहुणा म्हणणं.

आणि मग पाचवी ताटली आली. पट्टीवर शब्द होता: बर्गी.

काळ्या दगडाच्या पाटीवर पोस्टाच्या तिकिटाएवढी बाजरीची भाकरी, अंगठ्याएवढं भरलं वांगं, शेंगदाण्याचा कूट, लसणाची सुकी चटणी, कडेला गुळाचा खडा. शेफ घोडदौडीबद्दल, खोगिराबद्दल आणि खोगिरावर बसूनच खाल्लेल्या भाकरीबद्दल काहीबाही सांगत होते. मला ऐकू येत नव्हतं. मी वांगं तोंडात टाकलं आणि माझे डोळे भरून आले. चटणीत लसूण फार होता, हे इथे नमूद करतो. तरीपण. पोरगी इतकी वर्षं बंगालीत बोलली, बंगालीत भांडली, आणि तिला मोकळं सोडल्यावर तिने केलं काय, तर आमच्या घरचं वांगं! मी बायकोकडे विजयी नजरेने पाहिलं. ती रुमालाची घडी घालत होती.

शेवटच्या, नव्या गुळाच्या संदेश मिठाईनंतर स्वयंपाकघरातली सगळी मंडळी बाहेर आली. मुलगी माझ्या खुर्चीशी येऊन उभी राहिली. हात मागे बांधलेले होते, शाळेत तोंडी परीक्षेला उभी राहायची तसे.

"सांग, बाबा."

"पाचवा," मी म्हणालो. आणि जिंकणारा माणूस थांबत नाही, म्हणून पुढे स्पष्टीकरणही दिलं. "कूट जाडसर होता. तुझी आई मिक्सर तिथेच थांबवते. गूळ कडेला, वांग्यात नाही. हे शिकवून येत नाही, हे घरातून येतं."

मुलीने शेफकडे पाहिलं. बोलले ते शेफ. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. पाचवा पदार्थ त्यांचा होता. त्यासाठी ते मुद्दाम कोल्हापूरकडे जाऊन राहिले होते, भाकरी तव्यावर उलटताना त्यांचे हात भाजले होते, आणि आज एका मराठी माणसाला तो आपल्या बायकोच्या हातचा वाटला! हे त्यांनी टेबलाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सर्वांना सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. संध्याकाळभर मनातल्या मनात ज्या माणसाची टर उडवली, त्याला मी भर सभेत आयुष्यातलं सर्वोत्तम प्रशस्तिपत्र देऊन बसलो होतो.

"पहिला, बाबा," मुलगी हळूच म्हणाली.

"कारलं?"

"शुक्तो."

"पण तू कारलं खात नाहीस."

"घरी नाही खात."

मी चेहरा केला नाही. निदान मला तसं वाटतं. समोर आरसा नव्हता.

"मग ठरलं?" तिने विचारलं. पैज जिंकलेल्या माणसाने असं विचारायची गरज नसते. तिने विचारलं आणि उत्तराची वाट पाहत थांबली.

"ठरलं," मी म्हणालो.

तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला, काढला, आणि भांडी आवरायला निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत येताना हुगळीच्या अलीकडे गाड्यांची रांग लागली. इंजिन बंद करून बसलो होतो. बायको खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "मला पहिल्या घासालाच कळलं होतं."

"काय?"

"शुक्तो तिचं आहे ते. खालच्या मजल्यावरच्या बंगाली मासीमांच्या हातच्यासारखं होतं अगदी. आपल्याकडे कारलं केलं की ही दार आपटून जायची ना, ती खाली त्यांच्याकडे जायची. आणि तिथे बसून मिटक्या मारत शुक्तो खायची. कारल्याचंच."

"हे मला कधी सांगितलं नाहीस."

"तुमची तेव्हा रांचीला बदली झाली होती. मुलगी खालच्या मजल्यावर कारलं खाते हे कळवायला रांचीला फोन करायचा?"

"बरं, ते राहू दे. काल टेबलावर खूण तरी करायचीस. मी तुझ्याकडे पाहिलं होतं."

"पाहिलंत की. म्हणून तर रुमालाची घडी घालत होते."

पुढची गाडी वीतभर सरकली. मीही वीतभर सरकवली.

"तिला इथे ठेवून जायचं तुला चालणार आहे?" मी विचारलं.

"नाही चालणार," ती म्हणाली. "पण ती आली असती ना, तर त्या पिवळ्या खोलीत बसून रोज आपल्यालाच चालवून घेतलं असतं तिने. ते मला बघवलं नसतं."

तेवढ्यात माझा फोन वाजला. बायकोने तो उचलून मुलीचा मेसेज वाचून दाखवला: "पोचलात? शुक्तो कसं होतं? खरं सांग."

"लिही," मी म्हणालो. "चांगलं होतं. मीठ किंचित कमी."

आमची गाडी हलायच्या आत उत्तर आलं. "मीठ बरोबर होतं."

बायको हसली. मी तो घास आठवायचा प्रयत्न केला. वडी आठवली, पांढरा रस आठवला, किल्लीच्या पुरचुंडीचा वास त्यात होता की काय अशी शंका आली, पण मीठ काही आठवेना. तेव्हा मला पुढची ताटली येण्याची घाई होती.

"लिही," मी म्हणालो. "पुन्हा येऊन खातो, मग सांगतो."

तिने लिहिलं. त्याखाली स्वतःचं काहीतरी बरंच लांबलचक लिहिलं, आणि ते मला वाचून न दाखवता फोन पर्समध्ये टाकला.