मेसचा करार आणि ओटीपीची सही

“मॅडम, हा करार चालणार नाही. यावर सहीच नाही,” बांधकाम कंपनीचे नवे मॅनेजर म्हणाले आणि त्यांनी प्रिंटआउट माझ्यापुढे सरकवला.

आम्ही उलव्यातल्या त्यांच्या साइट ऑफिसात बसलो होतो. मी पनवेलला वकिली करते. शेजारी माझ्या पक्षकार वैजयंतीताई म्हात्रे होत्या. त्यांच्या बचतगटाला या साइटवरच्या कामगारांची मेस चालवायला मिळाली होती. त्यासाठी बायकांनी हातातली डब्यांची कामं सोडली, मोठी पातेली घेतली. आणि सुरुवातीच्याच दिवशी किचनला कुलूप. मॅनेजरना आपल्या ओळखीचा केटरर आणायचा होता, हे साइटवर कुणापासून लपलेलं नव्हतं.

“आमी सही केली नाय का?” ताई म्हणाल्या. “आधार नंबर टाकला, मोबाइलवर ओटीपी आला, तो दिला. तुमच्याच माणसानं करून घेतलं.”

“ओटीपी म्हणजे सही नव्हे, बाई. हे बघा.” त्यांनी सहीच्या चौकटीवर बोट ठेवलं. तिथे प्रश्नचिन्ह होतं आणि ‘सिग्नेचर नॉट व्हेरिफाइड’ असं छापलेलं. “कॉम्प्युटरच सांगतोय.”

या चिन्हानं भलेभले घाबरतात. सही खोटी आहे, असा त्याचा अर्थ नसतो. सहीचं सर्टिफिकेट देणारी संस्था त्या कॉम्प्युटरच्या ओळखीची नाही, एवढंच ते सांगतं. खरी तपासणी मूळ फाइलमध्ये होते, कागदावर नाही.

“मूळ पीडीएफ उघडा,” मी म्हटलं.

“ती आता कुठे शोधणार?”

ताईंनी आपला फोन पुढे केला. ई-मेलवर आलेला करार तसाच होता. मी तो माझ्या लॅपटॉपवर घेतला आणि स्क्रीन मॅनेजरकडे वळवली. सर्टिफिकेट सरकारमान्य संस्थेचं होतं. ते तपासून मी त्या संस्थेची लॅपटॉपला ओळख करून दिली आणि सही पुन्हा पडताळली. हिरवी टिक आली. ताईंचं नाव, तारीख, वेळ. खाली लिहिलेलं, सही झाल्यावर मजकुरात काहीही बदललेलं नाही.

“पण कायद्यानं...” मॅनेजर म्हणाले.

“आयटी ॲक्टनं आधार-ओटीपीवर केलेल्या अशा डिजिटल सहीला हाताच्या सहीइतकीच मान्यता दिली आहे. मृत्युपत्रासारखे मोजके दस्त त्यातून वगळलेत. मेसचा करार त्या वगळलेल्यांत येत नाही.” मी शेवटच्या पानावर गेले. “आणि ही दुसरी सही तुमच्या डायरेक्टरसाहेबांची. त्यांनीही अशीच केली आहे. ती पण नाही म्हणायची का?”

त्यांनी हेड ऑफिसच्या लीगल डिपार्टमेंटला फोन लावला. बोलले कमी, ऐकलं जास्त. फोन ठेवून म्हणाले, “ठीक आहे. करार कायम.”

“मग किचनची चावी द्या, साहेब,” ताई म्हणाल्या.

बाहेर टेम्पोत बायका पातेली घेऊन थांबल्या होत्या. ताईंनी चावी नुसती वर करून दाखवली. टेम्पो रिकामा व्हायला फार वेळ लागला नाही. त्या संध्याकाळी कामगारांच्या ताटात भाकरी आणि वालाचं बिरडं त्यांनीच वाढलं. मलाही जेवल्याशिवाय सोडलं नाही. मुदत संपल्यावर कंपनीनं करार पुन्हा त्यांच्याशीच केला, तोही ओटीपीवर.

तेव्हापासून मी प्रत्येक पक्षकाराला सांगते, प्रिंट हरवली तर दुसरी काढता येते. मूळ पीडीएफ डिलीट केलीत, तर मात्र वकिलाचीही पंचाईत होते.