गूळ न खाणारा गुळव्या

२०१७ साली दाजी एकसष्ट वर्षांचे होते. त्या वर्षी दिवाळी झाल्यावर एका सकाळी ते एक चप्पल पायात आणि एक चप्पल हातात असे गुऱ्हाळावर आले. उजव्या पायाचा अंगठा पिकल्या टोमॅटोसारखा लाल आणि टम्म. नुसता वारा लागला तरी त्यांच्या डोळ्यांत पाणी येत होतं. मी विचारलं, “दाजी, इंचू चावला का काय?” त्यांनी हातातली चप्पल खाली टाकली, तेलाचा रिकामा डबा पालथा घातला, रस आटवायच्या काहिलीशेजारी त्याच्यावर बसले आणि म्हणाले, “पाय दुखतोय. हात न्हाई दुखत. तू जाळ लाव.”

हे “हात न्हाई दुखत” आम्ही पुढं सात वर्षं ऐकलं.

मी दुसरी शिकलेला माणूस. अक्षर माझं वाकडं आहे, पण लिहितो ते सरळ लिहितो. राहुरीकडून शिर्डीला जाणाऱ्या रस्त्याला लागून आमच्या गावच्या मालकांचं गुऱ्हाळ आहे. उसाच्या रसाचा गूळ करणारा जो मुख्य माणूस, तो गुळव्या. ते काम दाजींचं. काहिलीच्या खाली खड्ड्यात बसून चुलवाणात, म्हणजे भट्टीत, उसाची वाळलेली चिपाडं सारायची, ते काम माझं. वर ते, खाली मी, अशी चोवीस वर्षं गेली. दाजी आमच्या गावचे जावई, म्हणून सगळा गाव त्यांना दाजीच म्हणायचा. माझ्या तर चुलत्याची पोर त्यांना दिलेली, म्हणजे मी खराच मेव्हणा. मेव्हण्याला दाजीची टिंगल करायचा हक्क असतो. तो मी एक दिवस वाया घालवला नाही.

तुम्ही चांगला गुळव्या पाहिला असेल तर मी काय म्हणतो ते कळेल. रस उकळून घट्ट झाला की दाजी बोटं गार पाण्यात बुडवायचे, चिमूटभर पाक उचलायचे, पाण्यात त्याची गोळी वळायचे आणि काहिलीच्या काठावर मारायचे. टण् आवाज आला की “उतरवा!” नाही आला की डोळे मिटून उभे. त्या वेळी त्यांच्याशी कुणी बोललेलं चालायचं नाही, मालकानंसुद्धा. त्यांच्या ढेपेला पावसाळ्यातही पाणी सुटत नव्हतं. हे मी मेव्हणा म्हणून सांगत नाही. मेव्हणा म्हणून सांगायचं तर त्यांच्यात सतरा खोडी होत्या.

अंगठ्याचं निदान आधी गावानं केलं. कुणी वात म्हणालं, कुणी उष्णता, एक म्हातारी म्हणाली बाहेरचं आहे. मग तालुक्याच्या डॉक्टरनं रक्त तपासलं. युरिक ॲसिड वाढलंय म्हणाला, याला गाऊट म्हणतात. रोज गोळी घ्या. मटण, कलेजी, सुकट बंद. दारू बंद.

दाजी दारूला शिवत नव्हते. ते म्हणाले, “डॉक्टर, जे करतच न्हाई त्ये सोडून माझं काय भलं व्हनार?”

डॉक्टरनं चार गोष्टी बंद केल्या, गावानं त्यात आणखी दहा घातल्या. डाळ बंद, वांगं बंद, टोमॅटो बंद, दही बंद, हरभरा बंद. दाजींनी सगळं सोडलं. त्यांचं सोडणं म्हणजे बांध घातल्यासारखं. एकदा घातला की पलीकडं पाय नाही.

चैत्रात आमच्या गावची जत्रा. माझ्या घरी बोकडाचं जेवण होतं आणि कलेजीची पहिली वाटी जावयाला द्यायची आमच्या घरात रीत आहे. मी ती माझ्या हातानं त्यांच्या ताटात ठेवली. दाजींनी ती एका बोटानं बाहेर सरकवली आणि मीठ-मिरची मागितली.

“दाजी, माझ्या घरची वाटी माघारी जात न्हाई.”

“मग तू खा. वाटी तुझी हाय मेव्हण्या, पन ठनका माझा हाय.”

पंगतीत पंचवीस माणसं बसलेली. माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, “पुढच्या जल्माला शेळी व्हा. पाला खात बसा.”

“झालो शेळी, तर तुज्याच जत्रंला यीन,” दाजी म्हणाले. “तवा मला खा.”

सगळी पंगत हसली. मी हसलो नाही. पंधरा दिवस त्यांच्याशी बोललो नाही, खड्ड्यातून नुसता जाळ दिला.

इतकं सोडूनही अंगठा काही त्यांना सोडेना. महिना-दीड महिना गेला की फुगायचा. दाजींचे गाल आत गेले, सदरा खुंटीला टांगल्यासारखा दिसायला लागला. लोक म्हणायचे, म्हातारा चोरून खातो. मीही म्हणालो. पावसाळ्यात गुऱ्हाळ बंद असायचं, तेव्हा अंगठाही गप्प. दाजी म्हणायचे, “ह्यो पावसाळ्यात सुट्टीवर जातो.” रस काढायचा चरक सुरू झाला की पुन्हा कामावर हजर. हे आम्ही सगळे डोळ्यांनी पाहत होतो आणि एकाच्याही डोक्यात काही शिरलं नाही.

दुसऱ्या हंगामात तालुक्याला नवीन डॉक्टरीणबाई आल्या. मोटारसायकल माझी, म्हणून मी बरोबर. बाईंनी खाण्याचं एकेक विचारलं. दाजी छाती काढून सांगत होते, हे न्हाई खात, त्ये न्हाई खात. शेवटी बाई म्हणाल्या, “आणि बाबा, पाणी किती पिता?”

“पानी? पानी कशाला? चरकाखाली रस पडत आसतोय की. तांब्या लावायचा आन् प्यायचा.”

“रस? दिवसाला किती?”

दाजींनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, “चार तांबे. उन्हाळ्यात पाच.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. आता तुम्ही आम्हाला हसाल. पण गुऱ्हाळावरच्या माणसाला रस हे खाणं वाटत नाही. ते त्याचं पाणी. सांगायची गोष्ट आहे हेच मुळी ठाऊक नव्हतं. बाईंनी समजावलं, की उसाच्या गोडानंही ते ॲसिड वाढतं. मग विचारलं, “डाळ कुणी बंद केली?”

“गावानं.”

“गावाला सांगा, वाटीभर आमटी चालते. वांगं खा, टोमॅटो खा. मटण-कलेजी बंदच. आणि रस बंद, काकवी बंद, गूळ बंद. पाणी भरपूर प्या, गोळी चुकवू नका.”

दाजी उठून उभे राहिले. “बाई, तुमी सोनाराला सांगताय सोनं बघू नको.”

“बघा की,” बाई म्हणाल्या. “खाऊ नका.”

परत येताना ते गाडीवर माझ्यामागं बसले होते. म्हणाले, “बाई हुशार हाय.” पुढचं गाव आलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, “लई कठीन सांगितलं रं.”

दुसऱ्या दिवसापासून ओलं पोतं गुंडाळलेला पाण्याचा कॅन आला. दाजी पाणी पीत आणि दर घटकेला उसामागं जात. मी विचारलं, “मालकानं ठिबक बसवलं का काय?” घरून बाजरीची भाकरी, दोडका नाहीतर दुधी, पातळ ताक, वाटीत आमटी. गोळी सदऱ्याच्या खिशात. “गोळी आन् पथ्य ही बैलजोडी हाय,” म्हणायचे, “एक सोडला की गाडी बांधाला.” अंगठा एकदम बरा झाला, असं खोटं मी लिहिणार नाही. पण महिन्या-महिन्याला फुगणारा तो वर्षातून एखादे वेळी फुगायला लागला.

सवय मात्र हातात असते. गोळी वळून झाली की पाक लागलेलं बोट आपसूक तोंडाकडं जायचं. दाजी ते अर्ध्यावर थांबवायचे, त्याच्याकडं रागानं बघायचे आणि धोतराला पुसायचे. दिवसातून वीस वेळा. मी खालून पाहत होतो. त्याची टिंगल मी कधी केली नाही.

आता खरी गोष्ट. गुळात पांढरी पावडर घालून रंग आणणारे लोक निघाले, तसा गिऱ्हाइकाचा भरवसा गेला. म्हणून आमच्या रस्त्याला रीत पडली होती, की गिऱ्हाइकासमोर ढेप फोडायची आणि पहिला खडा गुळव्यानं स्वतः तोंडात टाकायचा. धाकट्या मालकांनी, म्हणजे मालकांच्या मुलानं, तर तशी पाटीच लावली होती. शिर्डीच्या गाड्या थांबायच्या त्या या खड्यासाठी. दाजींनी गूळ सोडल्यावर काही दिवस आम्ही कोणी ना कोणी खडा खाऊन वेळ मारून नेली.

मग शिर्डीकडचा एक मोठा व्यापारी आला. हॉटेलांना माल पुरवणारा. हंगामभराचा गूळ उचलतो म्हणाला. ढेप फोडली. तो दाजींना म्हणाला, “बाबा, तुम्ही खा आधी.”

“मी करतो. खात न्हाई.”

“का? काय घातलंय यात?”

धाकटे मालक घाईनं म्हणाले, “दाजी, एवढासा खडा तर आहे. मरताय का?”

“खडा येवढासाच हाय,” दाजी म्हणाले. “पन आज ह्यांच्यासाठी, उद्या दुसऱ्यासाठी. दिवसाला पन्नास गाड्या थांबत्यात. पन्नास खडं खाऊ? मागनं माजा पाय तुमी धरनार का?” मग व्यापाऱ्याला म्हणाले, “शेट, माज्या जिभंवर कशाला भरवसा ठिवता? गूळ डोळ्यानं आन् कानानं व्हतो. उद्या सकाळी या, रस पडल्यापासनं ढेप व्हईपरत माज्याशेजारी बसा. हातात पुडी दिसली तर मला काहिलीत ढकला.”

आणि तेव्हा मी, त्यांचा मेव्हणा, खड्ड्यातून ओरडलो, “खा की दाजी! कशाला तमाशा?”

दाजींनी खाली पाहिलं.

व्यापारी गाडीत बसून गेला. धाकटे मालक लाल झाले होते. चार माणसांत म्हणाले, “गूळ न खाणारा गुळव्या मला नको. उद्यापासून येऊ नका. मी दुसरा बघितलाय.” दाजींनी हात धुतले, चपला घातल्या आणि गेले. त्या माणसाला दुसरं काही येत नव्हतं, आणि दुसरं काही करायची इच्छाही नव्हती. हे त्या गुऱ्हाळावर मला जितकं ठाऊक होतं तितकं कुणालाच नव्हतं.

पुढचं आधीच सांगतो, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. दाजींनी त्यानंतरही पाच हंगाम तिथंच गूळ केला. व्यापारी काही परत आला नाही. खडा आता धाकटे मालक स्वतः खातात, आणि त्यांच्या सदऱ्याची बटणं लागत नाहीत. दाजी जाऊन दीड वर्ष झालं. न्यूमोनियानं गेले, अंगठ्यानं नाही. मुद्दाम लिहितो, कारण गावात अजून काहीजण म्हणतात, पथ्य करून करून म्हातारा मेला. म्हणणाऱ्यांनी माझ्यासमोर येऊन म्हणावं. शेवटच्या दिवसापर्यंत तो माणूस दोन्ही पायांत चप्पल घालून चालला.

गेल्या शिमग्याला माझाही अंगठा फुगला. मी रस सोडला, जत्रेची कलेजीही सोडली. कुणाला घाबरून नाही. आता पंगतीत मला टोमणे मारतात. दाजींचं ते शेळीचं उत्तर माझ्या ओठांवर येतं, पण मी ते देत नाही. ते त्यांचं होतं. मी आपला गप्प जेवतो.

पण धाकट्या मालकांनी दाजींना काढलं, त्याच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ सांगायची राहिली. मी आयुष्यात कुणाची माफी मागितलेली नाही. त्या दिवशीही मागायला गेलो नाही. नेहमीसारखा गुऱ्हाळावर गेलो. चरक चालू झाला, काहिल रसानं भरली. नवा गुळव्या यायचा होता. मी चुलवाणाच्या तोंडाशी बसलो आणि बिडीसुद्धा पेटवली नाही.

धाकटे मालक वरून म्हणाले, “जाळ लावा की.”

“न्हाई लावत.”

“का?”

“माझी मर्जी.”

“तुम्हालाही काढीन हां!”

“काढा. ईस वरसं खड्ड्यात हाय. वर यायला मलाबी बरं वाटंल.”

ते बोलत राहिले, मी बसून राहिलो. रस तसाच. नव्या गुळव्याचा पत्ता नव्हता. उन्हं चढायला लागली. तेवढ्यात रस्त्यानं दाजी आले. त्यांना काढलं होतं, तरी आले. रोजच्यासारखे, रोजच्या वेळेपेक्षा जरा उशिरा. माझं त्यांचं काही ठरलेलं नव्हतं. धाकट्या मालकांकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. काहिलीत हात घातला, वास घेतला आणि एकदम खड्ड्यावर वाकून ओरडले, “मुडद्या, रस आंबायला लागला की! जाळ कुठं हाय?”

मी म्हणालो, “दाजी, तुमाला काढलंय ना?”

“मला काढलंय. उसानं काय घोडं मारलंय? मालकाशी माझं काय हाय ते काहिल उतरल्यावर बघीन. तू पेटव आधी. एवढा रस नासवतोस, लाज वाटती का?”

धाकटे मालक तोंड फिरवून चरकाकडं गेले. ज्या माणसासाठी मी बंड केलं होतं, तोच चार माणसांत मला शिव्या घालत होता. मी खाली मान घातली, दोन पेंढ्या चिपाडं आत सारली आणि काडी ओढली.